मदत हवी आहे : 'गारठा' नेमके कशाला म्हणावे?

नागपुरातील आमच्या वसाहतीच्या भित्तिपत्रकासाठी हिवाळ्यावर एक पानी मजकूर तयार करीत असताना मी 'गारठा' या शब्दापाशी अडलो आहे. हवामान खात्याच्या निकषांनुसार मैदानी भागात रात्रीचे तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी घसरले, की ती थंडीची लाट. रात्र तितकीच थंड असून दिवसाचे कमाल तापमान ४.५ अंशांनी घसरले, तर तो 'थंड दिवस'. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा 'लाट' या शब्दाबद्दल शंकाच नव्हती.

अडचण निराळी आहे. जानेवारीत आभाळ भरून येते, एखादी सर पडते, दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतात आणि भर दुपारी अंगातला स्वेटर काढवत नाही. आई याला गारठा म्हणते, मात्र निरभ्र रात्रीच्या कोरड्या, बोचऱ्या थंडीला ती हा शब्द कधीच लावत नाही. घरातल्या शब्दकोशात 'थंडपणा, गारवा' एवढेच दिले आहे, आणि गारवा तर सुखावणारा असतो! वर्तमानपत्रांची कात्रणेही चाळली, पण तेथे दोन्हींसाठी सरसकट 'गारठा वाढला' असेच छापलेले आढळते.

मला व्युत्पत्ती नको आहे, विदर्भातील रोजच्या बोलण्यातला वापर हवा आहे. मजकूर रविवारी लावायचा आहे. आपल्या घरी गारठा म्हणायला हवेत ओल असावीच लागते का, आणि 'थंड दिवसा'ला 'गारठ्याचा दिवस' म्हटले तर ते खटकेल का?