विलीज पिकअपला क्वालिसचं इंजिन: पाप कसलं त्यात?

सत्तरीचा सुपारीवाला
परवा इथे एकाने लिहिलं, "विलीज पिकअपच्या बॉनेटखाली टोयोटाचं इंजिन घालणारा आणि देवळाचा कळस उतरवून तिथे पाण्याची टाकी बसवणारा, दोघे एकाच लायकीचे." नाव घेतलं नाही, पण आदल्याच दिवशी मी टोयोटा क्वालिसच्या टूएल डिझेल इंजिनाबद्दल विचारलं होतं, तेव्हा रोख कुणावर ते कळतं. म्हणून आज सविस्तर.

गाडी 1956ची विलीज, जीपवाल्या कंपनीची, फोर व्हील ड्राइव्ह, आधी खाणीवर होती, तिथून आजोबांनी घेतली. वाळपईच्या पुढे आमचं कुळागर आहे. सुपारी, नारळ, केळीचे घड, शेणखताच्या गोणी, सगळं हिच्यावरच. माझी गाडी प्रदर्शनात मिरवत नाही, राबते. तिचं मूळ पेट्रोल इंजिन हरिकेन, त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एग्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. एग्झॉस्ट जळला की सीट घासायला ब्लॉकशीच झटापट. ते काम जाणणारा आमच्या बाजूचा शेवटचा मिस्त्री गेला. आता जो पोरगा येतो तो आधी मोबाइलवर व्हिडिओ बघतो आणि मग मलाच विचारतो, "काका, हा इग्निशनचा पॉइंट किती उघडा ठेवायचा?"

आणि "दुसऱ्या कंपनीचं इंजिन" म्हणून बोंब मारणाऱ्यांनो, एमएम 540 जीपमध्ये महिंद्राने कुणाचं डिझेल घातलं होतं? प्यूजोचं. ॲम्बेसेडरमध्ये इसुझू कुणी घातलं? खुद्द कारखान्याने. कारखान्याने केलं की सुधारणा, मी केलं की कळस उतरवला?

हरिकेनभक्त
रोख तुझ्यावरच होता, लपवत नाही.

भावना सोड, आकडे घे. हरिकेन 2.2 लिटर, 72 अश्वशक्ती. क्वालिसचं टूएल 2446 सीसी, 75 अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, दोघांचाही 15 केजीएमच्या आसपास. म्हणजे इंजिन-गिअरबॉक्समधलं बेल हाउसिंग कापायचं, इंजिनाचं फाउंडेशन नव्याने वेल्ड करायचं, रेडिएटर बदलायचा, आणि शेवटी हाती काय? तीन घोडे! वर टूएलला टायमिंग बेल्ट. तो कुळागरात तुटला तर व्हिडिओ बघणारा तोच पोरगा येणार ना?

हरिकेन महिंद्राने इथेच वर्षानुवर्षे बनवलं. रिंग, पिस्टन, गॅसकेट कुर्ल्याला मिळतात, क्रँक बेळगावला घासून मिळते. माझ्या जीपचं काम तिकडूनच करून आणलं आणि लोंढ्याच्या चढाला ती आजही दुसऱ्यात निवांत चढते. मिस्त्री नाही म्हणतोस, शोधलास कधी?

सत्तरीचा सुपारीवाला
घोडे मोजतोस, लिटर मोज की. माझं हरिकेन लिटरला सहा देतं, तेही त्याच्या मर्जीने. एप्रिलच्या उन्हात पेट्रोलची वाफ धरून रस्त्यात बंद पडतं, मग इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं. तुझी जीप रविवारी फिरते, माझी पिकअप सोमवारी.

मिस्त्री म्हणे
दोघांचंही इंजिनावर भांडण चाललंय. मागे काय आहे ते कुणी बघितलं?

गिअरबॉक्स टी-90, तीन गिअर. फोर सिलिंडर फोर व्हील पिकअपला एक्सलचा रेशो 5.38. सातशे-सोळाच्या (7.00-16) टायरवर ताशी 80 ला इंजिन तीन हजार फेऱ्यांवर फिरणार, मग ते टोयोटाचं असो की स्वर्गातून आणलेलं. त्या फेऱ्यांवर जुनं डिझेल केबिनमध्ये किती गोंगाट करतं ते बसून बघा. ब्रेक चारी ड्रम, तेलाची लाइन एकच. वेग वाढवायचा विचार असेल तर आधी थांबायची सोय करा.

बसवायचंच असेल तर पहिला प्रश्न संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा. खोलगट भाग पुढे असेल तर पुढच्या एक्सलवर आपटतो, मागे असेल तर चालतो. दुसरा, स्टिअरिंग बॉक्स आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला येतात का. तिसरा ॲडॉप्टर प्लेट, म्हणजे नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी पाटी. लेथवाला म्हणतो "बसेल", पण गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि इंजिनाची क्रँक एका रेषेत आले नाहीत तर थोड्याच दिवसांत क्लच थरथरतो, पुढे पायलट बेअरिंग जातं. डायल गेज लावून बघणारा लेथवाला धरा. चार पैसे जास्त घेईल, घेऊ द्या.

मला विचाराल तर क्वालिस नको, जुन्या महिंद्राचं प्यूजो शोधा. जीपच्या गिअरबॉक्सला जोडायचे भाग त्याचे आयते मिळतात.

कागद आधी
कागदांवर कुणी बोलतच नाही. आरसीवर इंजिन क्रमांक असतो आणि इंधनही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. आरसीवरचा तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय. अपघात झाला की विमावाला सगळ्यात आधी इंजिन नंबर बघतो. शिवाय 2021 च्या व्हिंटेज नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी, इंजिन बदललं की व्हिंटेजचा व्हीए नंबर विसरा.

सत्तरीचा सुपारीवाला
त्याच नियमात ती गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही, हेही लिहिलंय. व्हीए नंबर घेऊन सुपारी डोक्यावरून आणू काय? बाकी कागदांचं म्हणणं खरं आहे. खरं आहे म्हणूनच राग येतो.

पणजीचा जुना
तुमचं इंजिन-इंजिन चालू द्या. गोव्यात जुन्या गाड्या उरल्यात किती, हे विचारा. 1961 च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत, इथे जे परदेशी गाड्यांचं भांडार होतं ते भारतात कुणाला बघायला मिळत नव्हतं. मर्सिडीझ, ओपेल, अमेरिकन पिकअप. मग मुंबई-दिल्लीचे दलाल आले, गावोगाव फिरले, आणि "बाब, भंगारच आहे" म्हणत कवडीमोलाने उचलून नेल्या. आज त्याच गाड्या तिकडच्या रॅलीत चकाकतात. गोवा-दमणच्या जुन्या जीडी नंबरच्या पाट्यासुद्धा काढून विकल्या!

म्हापशेकर
दलालांनी बंदूक लावली होती का? विकल्या कुणी? आंब्याखाली गाडी ठेवायची, चार पावसाळे ताडपत्रीसुद्धा घालायची नाही, फ्लोअर कुजून माती दिसायला लागली की दलालाला चहा पाजायचा, आणि आता रडायचं. आमच्या वाड्यावरची मर्सिडीझ टॅक्सी अशीच गेली. नेणाऱ्याने ती वाचवली. इथे असती तर तिच्यात कोंबड्या असत्या.

पणजीचा जुना
घरच्या अडचणी तुला माहीत नसतील तर तोंड सांभाळ. वाटण्या होतात, कज्जे वीस वर्षं चालतात, गाडी कुणाची हेच ठरत नाही. एक वारस सही देत नाही, दुसरा पोर्तुगालात. अशा गाडीवर ताडपत्री घालणार कोण? माझ्या काकाची ओपेल कज्जा संपायच्या आत संपली.

म्हापशेकर
म्हणजे दलाल नव्हे, भाऊबंदकी. बरं झालं, गुन्हेगार सापडला.

हरिकेनभक्त
पण म्हणूनच मी बोंबलतोय ना! जी गेली ती गेली. जी उरलीय तिचंही काळीज काढून क्वालिसचं बसवायचं? उद्या ती विकायला काढली तर तोच दलाल म्हणेल "ओरिजिनल नाही" आणि भाव अर्धा करेल.

सत्तरीचा सुपारीवाला
विकायचीच नाही तर भावाचं मला काय? आणि मूळ इंजिन असलेल्या किती गाड्या आंब्याखाली कुजल्या, ते वरती म्हापशेकर सांगून गेले. हरिकेन होतं म्हणून त्यातली एक तरी वाचली का? चालणारी गाडी कुणी आंब्याखाली टाकत नाही.

हरिकेनभक्त
यावर उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते ऐकायला तू बेळगावला माझ्याबरोबर यायला हवंस. एकदा इंजिन बोअर करून बघ. खर्च तुझ्या ॲडॉप्टर, रेडिएटर आणि वेल्डिंगच्या बेरजेपेक्षा जास्त झाला तर वरचा फरक मी देतो. लेखी देतो.

कागद आधी
लेखी असेल तर मी साक्षीदार.

सत्तरीचा सुपारीवाला
पेट्रोलचाही फरक देणार का?

हरिकेनभक्त
एवढा मोठा भक्त मी नाही. आणि काढलंसच तर ते हरिकेन भंगारात घालू नकोस, मला दे.

सत्तरीचा सुपारीवाला
हां, आता कळली तळमळ. कळस उतरवू नको म्हणायचं आणि उतरला की घरी न्यायचा.

मिस्त्री म्हणे
बेळगावला जायच्या आधी गिअरबॉक्सचं तेल थाळीत काढा आणि त्यात चुंबक फिरवा. बारीक भुकटी चिकटली तर ठीक. दातांचे तुकडे निघाले तर इंजिन कुठलंही घाला, आधी गिअरबॉक्सच करायचाय.