पाव नक्की कुठला? पायाचा, पाव किलोचा की पोर्तुगीजांचा?

घाटकोपर_स्लो:
काल मिसळीचा बेत होता, घाईघाईत वाण्याकडे गेलो आणि म्हटलं पाव द्या. तो म्हणाला "बारीक का जाडी?" माझं लक्ष मोबाईलमध्ये, म्हटलं बारीक, आणि घरी आलो ते पाव किलो बारीक शेव घेऊन. घरी काय ऐकलं ते सोडा. पण ऑफिसात हा किस्सा सांगितला तर लखनौचा एक मित्र छातीठोकपणे म्हणतो की पीठ पायाने तुडवून मळायचे म्हणून पाँवरोटी, त्याच्या आजीने ह्याच कारणाने जन्मात कधी पावाला हात लावला नाही. दुसऱ्याचं म्हणणं, चौथा हिस्सा तोडून विकायचे म्हणून पाव. पटत दोन्ही नाही पण खोडताही येत नाही. त्यात आपल्याकडे देवपण पावतो. हे सगळे पाव नात्यातले आहेत का नुसते आडनावबंधू?

पोदेर_आयलो:
मी म्हापशाची. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला पांव म्हणतात, शेवट नाकात, विषय संपला :) १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं, त्यांना ब्रेडशिवाय जेवण जाईना आणि इथे यीस्ट मिळेना, मग माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवायला लागले. आमच्याकडे पाव विकणारा तो पोदेर, हा शब्दपण त्यांच्याच पादेइरोवरून. अजून सकाळ-संध्याकाळ सायकलवर येतो, मागे टोपली, वर प्लास्टिक, आणि तो पों पों भोंगा वाजला की आई गॅस बारीक करून धावत सुटते कारण पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, आधी संपते. गुजराती लोक अजून पाउं म्हणतात बघा, अनुस्वारासकट, म्हणजे ते नाकातलं त्यांनी जपलंय, आपण मराठीवाल्यांनी गिळलं.

आणि त्या लखनौवाल्याला एकच विचारा, ही चीज आली गोव्याच्या किनाऱ्यावर, तिथे पायाला पांय म्हणतात, पाँव नाही. मग पायावरून नाव पडलं असतं तर पायरोटी झाली असती ना? पायाची गोष्ट जुळते फक्त हिंदीत, म्हणजे शब्द आधी पोचला आणि गोष्ट मागाहून रचली.

पावकी_निमकी:
वरचं बरोबर. आता पाव किलोचा पाव. हा संस्कृत पाद, म्हणजे पाय आणि चौथा भागसुद्धा, चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे पाव हिस्सा असा हिशोब. मधला द झिजला, रिकाम्या जागी एकदा य आला तर पाय झाला, एकदा व आला तर पाव. म्हणजे गंमत अशी की लखनौवाल्याचा पाँव आणि वाण्याचा पाव हे खरंच नात्यातले आहेत, फक्त बेकरीवाला उपरा! सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. पाऊण म्हणजे पाद ऊन, पाव कमी. आम्ही लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकलेत, औट म्हणजे साडेतीन, चुकलं की हातावर छडी, पण ह्या पावकीत पाय लपलाय हे कोणी सांगितलं नव्हतं.

देव पावतो तो तिसराच. ते प्राप्, म्हणजे मिळणे, पोचणे. पैसे पावले म्हणून पावती, आणि मरण पावला तोही तोच. आणि गावाकडे पावणे येतात ते अजून वेगळे, पाहुणे, मूळ प्राघूर्ण. तेव्हा "पावणेदोनला पावणे आले आणि देव पावला" ह्यात तीन पाव आहेत आणि तिन्हींची मुळं वेगळी.

मूळ_संस्कृतच:
सगळं आपलंच आहे हो. ऋग्वेदात अपूप नावाचा पदार्थ आहे, त्याचाच पूप आणि पूपचा पाव. पोर्तुगीजांनी आपल्याकडून नेला.

पावकी_निमकी:
अपूपाचा मालपुवा झाला, त्याला तरी सुखाने राहू द्या. लॅटिनमध्ये पानिस आहे, त्यावरून इटालियन पाने, स्पॅनिश पान, पोर्तुगीज पांव. आख्खं घराणं तिकडे नांदतंय, ते काय सगळे ठाण्याहून गेले?

तोक्योचा_तात्या:
पान म्हटलं म्हणून लिहितो. जपानीतपण ब्रेडला पानच म्हणतात, तोही पोर्तुगीजांनीच दिलेला, ते इकडे १५४३ ला पोचले. मी नवीन असताना सहकारी म्हणाली चल पान घेऊ, मी खूश, म्हटलं इतक्या लांब मघई मिळतंय का काय, गेलो तर बेकरी. वर एका बनाचं नाव आनपान! मला ते "आण पान" असंच ऐकू येतं, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण असतं, पुरणपोळीवाल्याला परकं वाटत नाही. आपलं पान मात्र पर्णाचं, आणि मद्यपानातलं पान पिण्याचं. म्हणजे आमच्याकडेपण तीन झाले.

घाटकोपर_स्लो:
भारी. आज लंचला मित्राला सगळं वाचून दाखवलं. पायाचा नाही हे त्याने शेवटी मान्य केलं, आजीला फोन करून सांगणारे म्हणाला. मग वडापाव संपवता संपवता विचारतो, ठीक है, पण आमच्याकडे डबल रोटी म्हणतात त्यात डबल काय असतं? आहे का कोणाकडे उत्तर?