नर्सिंग न करता थेट मिडवाइफरी केली तर नोकरीचं काय?

उगवती
नमस्कार मंडळी. नर्सिंगची पदवी न घेता थेट मिडवाइफरीला (बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित सुईणीच्या शिक्षणाला) प्रवेश देणारा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा विचार जवळपास पक्का झालाय. आवड बाळंतपणाच्या कामाचीच आहे, सर्वसाधारण वॉर्डात रमणार नाही. पण जो तो म्हणतो, "आधी नर्सिंग कर, नाहीतर अडकशील." नेमकं कुठे अडकतं? रुग्णालयं अशा मिडवाइफना घेतात का? दुसऱ्या देशात जायचं ठरलं तर पदवी चालते का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

रानजाई
उगवती, काही देशांत हे शंभर टक्के खरं आहे आणि काही देशांत अजिबात नाही. म्हणून आधी काम कुठे करायचंय ते ठरवा आणि मगच अभ्यासक्रम निवडा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

पात्रता म्हणून थेट मिडवाइफरी मुळात दुय्यम नाही. मिडवाइफच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मानकांत दोन्ही वाटा मान्य आहेत: थेट प्रवेश असेल तर किमान ३ वर्षं, नर्सिंगनंतर असेल तर किमान १८ महिने. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशातही दोन्ही आहेत, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर थेट वाटेसाठी ३ वर्षांसोबत ४६०० तासांची अट आली. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात थेट पदवीधर रीतसर नोंदणी करून काम करतात. नेदरलँड्समध्ये चार वर्षांची स्वतंत्र पदवी हाच नेहमीचा रस्ता आहे आणि तिथल्या पुष्कळ मिडवाइफ रुग्णालयाच्या पगारावर नसतात, स्वतःची प्रॅक्टिस चालवतात. फ्रान्समध्ये तर हा वैद्यकीय व्यवसायच धरतात. इंडोनेशिया आणि बांगलादेशातही नर्सिंगशिवायची मिडवाइफरी पदविका आहे.

अमेरिकेचं प्रकरण वेगळं आहे, तिथे नीट लक्ष द्या. सीएनएम (सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ) म्हणजे नर्स असलेली मिडवाइफ, तिला सगळ्या राज्यांत परवाना मिळतो. सीएम (सर्टिफाइड मिडवाइफ) नर्स नसते, परीक्षा मात्र सीएनएमचीच देते, पण परवाना मोजक्याच राज्यांत मिळतो (न्यूयॉर्क, न्यू जर्सी, र्‍होड आयलंड ही त्यांतली). सीपीएम (सर्टिफाइड प्रोफेशनल मिडवाइफ) मुख्यतः घरी किंवा बर्थ सेंटरमध्ये (रुग्णालयाबाहेरच्या प्रसूती केंद्रात) बाळंतपणं करते, तिला रुग्णालयात नोकरी मिळणं फार अवघड. नावं सारखी दिसतात म्हणून या तिघींच्या नोकऱ्या सारख्या समजू नका.

भारतात नोंदणी नर्सिंगच्याच पात्रतेतून होते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमधून आलेली 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हीसुद्धा नर्सिंगनंतरची १८ महिन्यांची वाट आहे. भारतात काम करायचं असेल तर आधी नर्सिंग हा सल्ला बरोबरच आहे.

मध्यरात्र_पाळी
वरच्या प्रतिसादात नोंदणीचं आलं. नोंदणी असूनही नोकरी का नाकारली जाते ते सांगते.

लहान रुग्णालयात रात्रपाळीला माणसं मोजकी असतात. लेबर रूम रिकामी असली की त्याच व्यक्तीने सर्वसाधारण वॉर्ड, कधी अपघात विभागही सांभाळायचा असतो. मिडवाइफची नोंदणी गरोदर बाई, बाळंतीण आणि नवजात बाळ यांच्यापुरती. शेजारच्या वॉर्डातल्या न्यूमोनियाच्या म्हाताऱ्या पेशंटला औषध देणं तिच्या कार्यकक्षेत बसत नाही, मग ते तिला कितीही येत असो. म्हणून ऑस्ट्रेलियातली ग्रामीण रुग्णालयं नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी नोंदणी असलेल्यांना पसंती देतात. यात तुमच्या कौशल्यावर अविश्वास नसतो, ड्युटीचा तक्ता जुळवायची अडचण असते. प्रसूतीसाठीच चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत ही अडचण येत नाही. तेव्हा जाहिरात वाचताना पदाचं नाव पाहू नका, खालच्या कामांच्या यादीत "इतर विभागांत गरजेनुसार" असं काही लिहिलंय का ते पाहा. ते असेल तर अर्ज करण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरं कारण मात्र तुमच्या हातातलं आहे. नेमणूक करणाऱ्यांच्या मनात शंका असते की नर्सिंग न केलेली मुलगी नैसर्गिक बाळंतपण उत्तम करेल, पण बाई गंभीर झाली तर? म्हणून मुलाखतीत प्रश्न तिथूनच येतात. उदाहरणार्थ झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट या झटके रोखणाऱ्या औषधाचा पहिला ४ ग्रॅमचा डोस शिरेतून द्यायचाय, हातात ५० टक्क्यांचं औषध आहे, कसं तयार कराल? उत्तर: ८ मिली औषध, त्यात १२ मिली निर्जंतुक पाणी, म्हणजे २० टक्क्यांचं २० मिली द्रावण, आणि ते सावकाश द्यायचं. पुढच्या डोसआधी काय बघाल? गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत आहे का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, मागच्या ४ तासांत लघवी तासाला किमान ३० मिली झाली का. यातली एक जरी गोष्ट नसेल तरी डोस थांबवायचा. श्वास मंदावला तर त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचं १० मिली, शिरेतून हळूहळू. हे न अडखळता सांगणाऱ्या मुलीला नर्सिंगचं कुणी फारसं विचारत नाही.

शिकतानाच शिरेत कॅन्युला (औषध-सलाइनची नळी) घालणं, लघवीसाठीचा कॅथेटर, रक्त चढवताना ठेवायची देखरेख, सिझेरियननंतरचे पहिले काही तास आणि सेप्सिस (शरीरभर पसरणारा गंभीर जंतुसंसर्ग) ओळखणं, या प्रत्येकाची सक्षमता सही घेऊन नोंदवून ठेवा. बऱ्याच थेट अभ्यासक्रमांत हे शिकवतात, पण वेगळी नोंद होत नाही आणि पुढे ते सिद्ध करता येत नाही.

उगवती
दोघींचे मनापासून आभार, खूपच स्पष्ट झालं. नोंदीचा मुद्दा आला म्हणून विचारते, लॉगबुकमध्ये (प्रात्यक्षिकांच्या नोंदवहीत) नेमकं काय आणि किती असायला हवं? आमच्या अभ्यासक्रमात फक्त "पुरेसा अनुभव" असं म्हटलंय.

निशिगंध
"पुरेसा अनुभव" एवढ्यावर थांबू नका, दुसऱ्या देशातल्या नोंदणी देणाऱ्या परिषदेला आकडे लागतात. माप म्हणून युरोपीय निर्देशाच्या परिशिष्टातली यादी समोर ठेवा, ती सर्वांत कडक याद्यांपैकी आहे: गरोदरपणातल्या किमान १०० तपासण्या, किमान ४० गरोदर बायांची देखभाल, स्वतः केलेली किमान ४० बाळंतपणं (तेवढ्या संधी नसतील तर ३०, पण मग आणखी २० मध्ये मदत केलेली हवी), जोखमीच्या ४० जणींची देखभाल, आणि किमान १०० बाळंतिणी व निरोगी बाळांची तपासणीसह देखभाल. शिवाय पायाळू बाळंतपणात सहभाग, तो मिळाला नाही तर मॉडेलवर सराव. एपिझिओटॉमी (बाळ बाहेर यायला वाट मोठी करणारा छेद) करणं आणि टाके घालण्याची ओळखही त्यात आहे.

घोळ कुठे होतो? सगळ्यात जास्त "केलं" आणि "मदत केली" यांत. डोकं बाहेर येताना हात कुणाचे होते, त्या मुलीच्याच खात्यात ते बाळंतपण जातं. दोन विद्यार्थिनींनी एकच बाळंतपण आपापल्या नावावर मांडलं आणि तारीख, वेळ, रुग्णालय जुळलं तर तपासणाऱ्याचा दोघींच्या सगळ्याच वहीवरचा विश्वास उडतो. दुसरा घोळ सह्यांचा. महिनाअखेरीस एकाच शाईत पन्नास सह्या घेतलेल्या वहीकडे संशयानेच पाहतात. त्याच पाळीत सही घ्या आणि सहीखाली पर्यवेक्षिकेचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. बाईचं नाव लिहू नका, केस क्रमांक पुरतो.

वहीइतकंच महत्त्वाचं म्हणजे कॉलेजचं तासांचं पत्रक. प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास वेगळे, प्रात्यक्षिकाचे वेगळे, आणि प्रात्यक्षिक कोणत्या विभागात केलं ते. हे उत्तीर्ण होताच सही-शिक्क्यासह घ्या. काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतो, कधी कॉलेजच बंद पडतं, आणि मग जुने तास कुणी प्रमाणित करून देत नाही.

रानजाई
निशिगंधच्या मुद्द्याला जोडून: पदवी मिळाल्यावर कामात खंड पडू देऊ नका. बहुतेक परिषदा अलीकडच्या कामाचा पुरावा मागतात. ब्रिटनमध्ये दर ३ वर्षांनी नोंदणी टिकवायला ४५० तासांचं काम दाखवावं लागतं, आणि नर्स व मिडवाइफ अशी दुहेरी नोंदणी असेल तर ९००. "हाताशी असू दे" म्हणून नर्सिंगही करणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा. दोन्ही कामं प्रत्यक्षात करणार नसाल तर दुसरी नोंदणी टिकवणंही कष्टाचंच आहे.

आणखी एक. जगात ९ लाख मिडवाइफ कमी आहेत, हा २०२१ च्या जागतिक अहवालातला आकडा कॉलेजं जाहिरातीत वापरतात. आकडा खरा आहे, पण तो गरजेचा आहे, भरतीचा नाही. सरकारने पैसे मंजूर केलेली पदं कितीतरी कमी असतात. कॉलेजला लेखी विचारा: या पदवीवर कोणती परिषद कोणत्या नावाने नोंदणी देते, आणि मागच्या तुकडीतल्या किती जणींना मिडवाइफ या पदावर नोकरी लागली. लेखी उत्तर टाळलं तर फी भरू नका.

पाऊलवाट
लेबर रूमबाहेरचंही थोडं. स्तनपान सल्लागार म्हणजे आयबीसीएलसी होण्यासाठी मिडवाइफची पात्रता चालते, नर्सिंग लागत नाही. स्तनपानाचं ९० तासांचं आणि संवादकौशल्याचं ५ तासांचं शिक्षण, आणि परीक्षेच्या अर्जाआधीच्या ५ वर्षांत स्तनपानाच्या मदतीचे १००० तास, एवढं हवं. बाळंतिणींच्या वॉर्डात काम करताना हे तास सहज जमतात, फक्त पहिल्या दिवसापासून वेगळे मोजून ठेवा. ब्रिटनमध्ये घरोघरी जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटरचा पुढचा अभ्यासक्रमही मिडवाइफला खुला आहे, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. ऑस्ट्रेलियात ठरावीक अनुभव आणि मान्य अभ्यासक्रम झाला की ठरावीक औषधं लिहून देण्याचा अधिकार मिळवता येतो. स्वतंत्र प्रॅक्टिस करायची असेल तर त्याचा खरा उपयोग होतो.