एकल गायनापूर्वी मन रिकामे होते, त्यावर तयारी कशी करावी?

मालवणची विद्यार्थिनी

नमस्कार. मी अनेक वर्षे शास्त्रीय गायन शिकत आहे. गावच्या भजनी मंडळात आणि चतुर्थीत घरोघरी होणाऱ्या भजनांत माझा आवाज मोकळा लागतो. यंदा त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या सभामंडपात प्रथमच एकटीने गायचे आहे. यमन रागातील विलंबित (संथ) व द्रुत (जलद) बंदिश आणि शेवटी एक अभंग असा बेत आहे. परंतु समोर श्रोते बसले आहेत अशी नुसती कल्पना केली तरी घशाला कोरड पडते, श्वास वरच्यावर राहतो आणि पक्का पाठ असलेला अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) आठवेनासा होतो. असे का होते, आणि हाती असलेल्या महिन्यांत काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रत्नागिरीचे गायनशिक्षक

ताई, भजनात बुवांच्या मागे उचलून धरणारी मंडळी असतात, पखवाज आणि टाळ असतात. एखादा शब्द निसटला तरी गजर चालूच राहतो. एकल गायनात तो आधार नसतो, म्हणून मन प्रत्येक अक्षरावर पहारा ठेवू लागते. सवयीने पाठ झालेल्या बंदिशीत एका शब्दामागून दुसरा आपोआप येत असतो. त्यावर पहारा बसला की ओघ तुटतो. तेव्हा तुमचे पाठांतर कच्चे आहे असे मुळीच समजू नका. ते एकाच वाटेने झालेले आहे, इतकेच.

यापुढे रियाझात एकदम अंतऱ्यापासून सुरुवात करा, कधी दुसऱ्या ओळीच्या मध्यापासून करा. हाताने एकतालाच्या बारा मात्रा धरून शब्द न गाता नुसते म्हणा, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमके कोणते अक्षर येते ते लिहून काढा. असे केले की स्मरणाला अनेक दारे मिळतात. शिवाय ख्यालाची, म्हणजे तुमच्या या बंदिशी ज्या गायनप्रकारातल्या आहेत त्याची, रचनाच गायकाला सांभाळून घेणारी आहे: अंतरा सुचला नाही तर मुखडा (बंदिशीच्या सुरुवातीचे शब्द) घेऊन समेवर यावे, स्थायीतच (पहिल्या भागातच) आलाप वाढवावा, श्रोत्यांना त्यात काहीही खटकत नाही. विसरल्यावर परत कसे यायचे याचाच मुद्दाम सराव करा. एरवी त्याकडे फार दुर्लक्ष होते.

चतुर्थीला अजून अवकाश आहे. बुवांना विनंती करून एखाद्या घरच्या भजनात एक अभंग एकटीने म्हणा. नवरात्रात शेजारच्या ओटीवर दहाबारा माणसांपुढे यमन गा, आणि मग एखाद्या संध्याकाळी त्याच सभामंडपात तानपुरा लावून पूर्ण कार्यक्रम म्हणा. भीती संपण्याची वाट मात्र पाहू नका. पाब्लो कासाल्स यांच्यासारख्या थोर चेलोवादकालाही ती कारकिर्दीत कधी सोडून गेली नव्हती.

कुडाळचा तबलावादक

सरांशी सहमत आहे. साथीच्या बाजूने थोडी भर घालतो. मोकळ्या सभामंडपात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही आणि चांगला गायकही त्यामुळे बिथरतो. म्हणून आपल्याकडे तोंड केलेला मॉनिटर स्पीकर आधीच मागून घ्यावा. आपल्याकडील दमट हवेत तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल पडून स्वर उतरतो, त्यामुळे लवकर पोहोचून वाद्ये तिथेच मिळवावीत. विलंबिताची लय साथीदाराला आधी गाऊन दाखवा. मुखड्याकडे येताना नजरेने खूण करायची एवढे ठरले, तरी मंचावरचा एकटेपणा बराच कमी होतो.

सावंतवाडीतील डॉक्टर

घशाची कोरड, धडधड आणि हातांचा कंप ही अ‍ॅड्रिनलीनची कामे आहेत. शरीर संकटासाठी सज्ज होते, त्यात लाळ कमी होते आणि श्वास उथळ व जलद होतो. श्वास असाच चालू राहिला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर किंवा मुंग्या येऊ शकतात. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती मंदावते. चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा ते आठ मोजत सोडावा. सकाळी खर्जाचा षड्ज (खालचा सा) लावताना तुम्ही हेच करत असता, त्यामुळे हे तंत्र तुम्हाला नवे नाही. त्या दिवशी चहा-कॉफी बेताने घ्यावी.

काही कलाकार धडधड आणि कंप कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतात, हे आपल्या कानावर येईल. ती दुसऱ्याने सुचवली म्हणून कधीही घेऊ नये. दम्याच्या रुग्णाला ती धोकादायक ठरू शकते. भीतीमुळे अनेक रात्री झोप लागत नसेल किंवा कार्यक्रमच टाळावेसे वाटत असतील, तर मानसोपचार तज्ज्ञांना भेटावे. तिथे बोलण्यातून होणारे उपचारही मिळतात.

मालवणची विद्यार्थिनी

आपणा सर्वांची आभारी आहे. बुवांशी आजच बोलते. एक विचारायचे राहिले: अभंगाचे शब्द समोर कागदावर ठेवले तर चालेल का?

रत्नागिरीचे गायनशिक्षक

अवश्य ठेवा. अभंगात शब्दच मुख्य आहेत, आणि ख्यालाप्रमाणे तिथे आलापाने वेळ निभावता येत नाही. अक्षर मोठे काढा, आणि तालमीतही तोच कागद वापरा. ख्यालाला मात्र कागद नको, कारण तिथे नजर खाली गेली की साथीदाराशी संबंध तुटतो.