तांब्याचा रंग म्हणजे निर्धोक नव्हे

बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगांत पूर्वी टीबीटी (ट्रायब्युटिलटिन) हे कथिलाचं विषारी संयुग असायचं. त्यावर बंदी आली आणि आता तांब्याचे रंग आले, म्हणजे प्रश्न संपला, असं काहीजण म्हणतात. तसं नाही. फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत टीबीटीमुळे कालवांची पैदास कोसळली, कवचं जाड आणि वेडीवाकडी झाली. म्हणून 1982 मध्ये फ्रान्समध्ये 25 मीटरपेक्षा कमी लांबीच्या बोटींना टीबीटीचा रंग लावायला बंदी आली, जगभरची बंदी 2008 मध्ये. लिटरमागे 1 नॅनोग्रॅमसुद्धा काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांवर नराचे अवयव उगवायला पुरतो!

आता तळाच्या बहुतेक रंगांत क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचं संयुग असतं. उघड्या समुद्रात तांबं पांगतं, पण बंदिस्त गोदीत साचतं. सॅन दिएगोच्या शेल्टर आयलंड गोदीतल्या तांब्याचा मोठा वाटा बोटींच्या तळातूनच झिरपतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या तांब्याची अमेरिकी मर्यादा (दीर्घकाळासाठी) लिटरमागे 3.1 मायक्रोग्रॅम आहे. कालवांच्या अळ्या फार नाजूक.

झिजणारा रंग असेल तर पाण्यात असताना तळ कडक ब्रशने घासू नका. मऊ स्पंज पुरे. खरवडायचं तर बोट किनाऱ्यावर घ्या, खाली ताडपत्री अंथरा, पृष्ठभाग ओला ठेवा आणि गाळ खाडीत न धुता गोळा करून घातक कचऱ्यात द्या. जुन्या बोटीवर खालच्या थरांत टीबीटी अजून असू शकतो, तिथे कोरडं सँडिंग अजिबात नको. अॅल्युमिनियमच्या तळाला तांब्याचा रंग लावूच नका, धातू गंजून खड्डे पडतात.