नागपुरात लॉजिस्टिकचा कोर्स: पोट्टे मॅनेजर करायचे का मेकॅनिक?

झिरोमाईलवाला
निकाल लागले की 'लॉजिस्टिक अँड सप्लाय चेन मॅनेजमेंट'च्या जाहिराती सुरू होतात. माझं म्हणणं एवढंच की मॅनेजर पुरे झाले, आता कॉलेजांनी गोडाऊनमधल्या मशिनी दुरुस्त करणारे घडवावे. २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यात वेगळं गोडाऊन ठेवायचं कारण संपलं, ४४ आणि ५३ नंबरचे हायवे आपल्या इथंच मिळतात, ७०१ किमीची समृद्धीही पूर्ण झाली, त्यामुळे मोठी गोडाऊनं इकडे येणारच आणि नव्या गोडाऊनात माल डोक्यावरून नाही, बेल्टवरून फिरतो. बेल्ट बंद पडला की मॅनेजमेंटवाला काय करणार, मेल टाकणार? अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत सप्लाय चेन टेक्निशियन म्हणजे कन्व्हेयर (हाच माल नेणारा बेल्ट), सॉर्टर (माल वेगवेगळा करणारी मशीन), सेन्सर बसवणारा अन् चालू ठेवणारा माणूस. कॅलिफोर्नियात नॉर्को कॉलेजमध्ये तर यासाठी सरकारी पैशातून राष्ट्रीय केंद्रच काढलं होतं. कम्युनिटी कॉलेजची योजना आपल्या यूजीसीनेही आणली, त्याला दहा वर्षं उलटून गेली. मग नागपुरात हा कोर्स काऊन नाही?

वाडीचा_भाऊ
काय राजेहो, कोणत्या नागपुरात राहता? एकदा वाडीत या, अमरावती रोडच्या आतल्या गल्लीत फिरा. पत्र्याचं शेड, हमाल, रजिस्टर घेऊन बसलेला मुनीम अन् एक हँड पॅलेट, म्हणजे माल उचलायची हातगाडी, त्याचंही सील गेलं म्हणून उचललं की हळूहळू खाली बसते. कन्व्हेयर कुठी हाय? अन् उद्या आलाच तर हमालानं कुठी जावं? माथाडी कायदा १९६९ चा आहे, लोकांनी भांडून घेतला तो, तुमच्या बेल्टले माथाडी लागत नाही.

मिहान_नाईट_शिफ्ट
भाऊ, वाडीचं खरं आहे पण सगळं नागपूर वाडी नाही ना. मी जिथं काम करते (नाव नाही घेत) तिथं बेल्टच बेल्ट आहेत आणि सणाच्या सेलमध्ये मधरात्री लाइन थांबली की व्हेंडरचा इंजिनियर पुण्याहून निघतो. तो येईपर्यंत आम्ही पिकर, म्हणजे ऑर्डरचा माल काढणारे लोक, सगळे बॉक्स हातानं ओढतो. एकदा तर कारण निघालं धूळ. बॉक्स आला का नाही ते पाहायला जो सेन्सर असतो त्याच्या काचेवर धूळ बसली होती, मशीनला वाटलं समोर बॉक्स अडकलाय, म्हणून लाइन बंद. सुपरवायझर पॅनेलवर रिसेट दाबत बसला, काच पुसायची कोणालाच सुचली नाही.

निदेशक_आयटीआय
हेच तर सांगून राहिलो. मात्र झिरोमाईलवाले, तुमचा वेगळा कोर्स मला पटत नाही. इलेक्ट्रिशियनचा पोट्टा दोन वर्षं मोटर, स्टार्टर, पॅनेल शिकूनच येतो, त्याच्यावर सहा महिने पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), सेन्सर आणि बेल्ट दिला तरी पुरे. बेल्ट एका बाजूला सरकायला लागला की नवा माणूस चालत्या लाइनवर पाना घेऊन बोल्ट कसत सुटतो. आधी मेन स्विच बंद, त्याला आपलं कुलूप, चावी आपल्या खिशात, मग हात घालायचा. रोलरच्या ज्या टोकाला बेल्ट आधी टेकतो तिकडे तो जातो, म्हणून बोल्ट थोडासाच फिरवायचा, हात काढून लाइन चालू करायची, बेल्टला पूर्ण फेरे घेऊ द्यायचे, पाहायचं, मग परत. हे फळ्यावर शिकवून येत नाही आणि आमच्या लॅबमध्ये बेल्टच नाही! कॉलेज काढायला निघालेल्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

बाप_माणूस
दोन्ही बाजू वाचल्या. मॅनेजमेंट म्हटलं की सोयरिक पटकन जुळते, टेक्निशियन म्हटलं की समोरचे विचारतात, म्हणजे वायरमन का? हसू नका, आमच्या घरी हीच चर्चा चालू आहे.

वाडीचा_भाऊ
सोयरिकीचं सोडा, पगार सांगा. शिकवाल तुम्ही पीएलसी, अन् कॉन्ट्रॅक्टर उचलन त्याले हेल्परच्या रेटनं. गोडाऊन कंपनीचं, पोट्टा कॉन्ट्रॅक्टरचा, मेंटेनन्स व्हेंडरचा. सर्टिफिकेटले विचारते कोण?

झिरोमाईलवाला
म्हणूनच ॲप्रेंटिसशिप कोर्समध्येच पाहिजे. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, अन् त्या तीसमध्ये कॉन्ट्रॅक्टची माणसंही धरतात. तर मेंटेनन्समध्येच घ्या म्हणावं.

मिहान_नाईट_शिफ्ट
घेतात की! आमच्याकडे आहेत ॲप्रेंटिस. स्कॅनर हातात देऊन दिवसभर बॉक्स स्कॅन करायला लावतात, पॅनेलच्या खोलीत पाय ठेवू देत नाहीत. त्यामुळे कोण कुठल्या मशीनवर किती तास, हे कॉलेजनं कंपनीकडून लिहून घेतल्याशिवाय मुलं पाठवू नयेत, नाहीतर स्वस्तातला पिकर मिळाला एवढंच.

निदेशक_आयटीआय
हे मात्र एकदम बरोबर. आणि माझंही एक मागणं जोडा, कंपन्या लाइन बदलतात तेव्हा जुना कन्व्हेयर भंगारात किलोवर जातो. त्यातला दहा-बारा फुटांचा तुकडा, मोटर आणि दोन सेन्सर, एवढं कोणी दिलं तरी मी पोट्ट्यांकडून रोज बिघडवून घेईन आणि रोज दुरुस्त करून घेईन.

वाडीचा_भाऊ
सर, बेल्ट कोणी देत असन तर सांगजा, आणायले गाडी माझी, भाडं नको. पण कॉलेजले म्हणा, जाहिरातीत पहिल्या वर्षी किती पगार भेटते ते छापा, अन् तो कोण देते तेही. मग माह्या पुतण्याले पाठवतो.