उजनी धरण भरलेले असूनही नळाला चौथ्या दिवशी पाणी का?

प्रश्न (जुळे सोलापूर)
आमच्या भागात दर वर्षी नव्या इमारती उभ्या राहत आहेत, होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली आणि मोठे उद्योग येण्याची चर्चाही ऐकू येते. परंतु नळाला आजही चौथ्या-पाचव्या दिवशीच पाणी येते. जिल्ह्यात ११७ टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) धरण असताना शहराची वाढ पाण्यावाचून अडते, हे मानावे काय?

उत्तर १ (निवृत्त अभियंता)
११७ हा आकडा फसवा आहे, कारण त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यांच्या पातळीखालचे पाणी, आहे आणि उरलेल्यावर उसासह साऱ्या लाभक्षेत्राचा हक्क आहे. तरीही शहराची गरज त्या मानाने लहान आहे. उजनीहून थेट शहरात येणारी, दररोज १७ कोटी लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी वर्षभर अखंड चालली, तरी सव्वादोन टीएमसीच्या आत पाणी लागेल. याउलट शहरासाठी टाकळी येथे नदीतून पाणी उपसता यावे म्हणून भीमेत सोडलेले पाणी पंढरपूर ओलांडून औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत पोहोचेतो कोरड्या पात्रात मुरते, उन्हाने उडून जाते आणि काठावरच्या मोटारीही ते उचलतात; त्यामुळे धरणातून निघते किती आणि शहराच्या पदरात पडते किती, याचा मेळ बसत नाही. जलवाहिनीने ही गळती टळते. मात्र ती पाणी वेशीपर्यंतच आणते. पुढे पुरेसे जलकुंभ आणि धड नळजाळे नसेल, तर दिवसाआड पाणी देणेही कठीण. १९९२ च्या हद्दवाढीतील भागांत तर वस्ती आधी झाली आणि नळ मागाहून आले.

उत्तर २ (टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रस्ता)
हिशेब पटला, परंतु कारखानदाराला पाणी किती मिळते याइतकेच ते केव्हा मिळेल हेही महत्त्वाचे असते. आमच्या डाईंगमध्ये बोअरचे जड पाणी वापरले की रंगाची छटा एकसारखी उतरत नाही, म्हणून टँकर मागवावा लागतो आणि त्याचा दर उन्हाळ्यात रोज बदलतो. शिवाय ज्या दिवशी वस्तीत पाणी येणार असते, त्या दिवशी निम्मे कामगार उशिरा येतात. त्यांना दोष कसा द्यावा?

प्रश्नकर्ता
ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. एक कबुलीही देतो: ताजे पाणी आले की आमच्या इमारतीत आधीचे साठवलेले पाणी शिळे म्हणून ओतून दिले जाते, आणि त्यात आमचे घरही आहे.

उत्तर १
रोज पाणी येऊ लागले की ते ओतणे आपोआप थांबेल.